नाव न टाकलेलं ताट

भाऊंच्या तेरवीच्या दोन दिवस आधी त्यांच्या मुलाचा फोन आला. "बाई, लोकाईले स्टीलचे गडवे वाटाचे हायेत. बाबाचं नाव टाकू का?" मी म्हटलं, "टाक, अन् बघ, वरून शिव्या घालतील!" पोरगं हसलं, मग रडायला लागलं... मीही.

भाऊंचं नाव मी इथंही लिहिणार नाही. बाभुळगावच्या बाजारात भांड्यांच्या दुकानासमोर बसून त्यांनी जन्मभर दुसऱ्यांची नावं कोरली. लग्नांची, बारशांची, गेलेल्यांची. स्वतःच्या घरात मात्र चमच्यावरही नाव नाही. "हरवलं तर?" असं विचारलं, तर म्हणाले, "ज्याले सापडन, त्याच्या कामाचं."

मी तेव्हा शाळेत मुख्याध्यापिका होते. एका सकाळी ऑफिसच्या दारात नव्या ताटांची थप्पी दिसली. ना चिठ्ठी, ना निरोप. पण शिपायानं भाऊंना ठेवताना पाहिलं होतं. मला कुठला दम निघतोय! एवढ्या चांगल्या माणसाचं नाव व्हायला नको? मी ताटं यवतमाळला नेली आणि प्रत्येकावर ठसठशीत त्यांचं नाव टाकून आणलं.

हे कळताच भाऊ आले ते पॉलिशपेपर घेऊनच. व्हरांड्यात मांडी घातली आणि एकेक ताट घासायला लागले. मी चिडले. "अहो, चांगल्या कामाची लाज कसली?" हात न थांबवता म्हणाले, "बाई, लहानपणी मी याच शाळेत पाटलाच्या नावाच्या ताटात जेवलो. त्याचा पोरगा रोज म्हणे, आमच्या ताटात जेवून राह्यला... घास उतरे नाही. पोट्ट्याईनं जेवावं, का माहं नाव वाचावं?" मी शेजारी बसून ताटांवर पाणी ओतत राहिले.

पण ते घासायला बसले तेव्हाच नावाचं एक ताट मी दडवलं होतं. कुणीतरी तर आठवण ठेवावी, असं वाटलं. मी निवृत्त झाले तरी ते माझ्याच कपाटात राहिलं. त्यात मी कधी जेवले नाही.

तेरवीला गडवे कोरेच वाटले. "नावच नाही, मंग आठवण कायची?" अशी कुजबुज झालीच. घरी येऊन मी ते ताट काढलं आणि पॉलिशपेपर घेऊन बसले. आडनाव गेलं. नावापाशी हात अडला, खूप रडू आलं. मग तेही घासलं.

दुसऱ्या दिवशी शाळेत जाऊन ताट थप्पीत सरकवून आले. परवा पुन्हा गेले, तर मुलं जेवायला बसली होती. त्यातलं माझं ताट कोणतं, ते मी रांगेतून शोधत फिरले... मलाही ओळखू आलं नाही.