घळीतलं भांडण

शरण जा, असं मला त्या वर्षी ज्यांनी ज्यांनी सांगितलं, त्या सगळ्यांचा मला राग येत असे. सासूबाई दर रविवारी पुण्याहून फोन करून म्हणायच्या, "तू फक्त शरण जा गं, योगेश्वरी बघून घेईल." पण टोकियोतल्या डॉक्टरांनी जे सांगितलं होतं, त्यात बघून घेण्यासारखं फारसं उरलं नव्हतं. डोळ्यांच्या पडद्याचा आजार होता. आधी अंधारात दिसणं जातं, मग नजर कडांकडून आक्रसत येते, आणि यावर औषध नाही. मी तेव्हा चाळीस वर्षांची होते. टोकियोतल्या ओजिमाच्या आमच्या घरात मी रोज नेमाने या योगेश्वरीची, आमच्या कुलदेवीची, पूजा करत आले होते. मोठ्या भूकंपाच्या दिवशी इमारत हलायला लागली तेव्हा मी आधी देवी उचलली होती आणि मग पासपोर्ट. निदान कळलं त्या संध्याकाळपासून मात्र मी तिच्यापुढे दिवा लावणं बंद केलं. मला दिसणार नाही, तर तूही अंधारात बस, असं तिला तोंडावर सांगितलं. हे लिहिताना आज लाज वाटायला हवी, पण खरं सांगायचं तर वाटत नाही.

मग मी ठरवलं की आपणच बघून घ्यायचं. जपानमध्ये येऊन सहा वर्षं झाली होती आणि मी पाहिलं होतं ते स्टेशन, सुपरमार्केट आणि नवऱ्याच्या बँकेच्या पार्ट्या. नद्या, डोंगर, बागा, जे जे पाहायचं राहिलं होतं त्याची मी यादी केली. पहिलं नाव होतं ईशान्य जपानमधल्या इवातेतल्या एका नदीखोऱ्याचं. तिथे नदीने चुनखडीचे कडे कापून खोल घळ केली आहे आणि वरच्या उतारावर एका कुटुंबाने पिढ्यान् पिढ्या राखलेली बाग आहे, असं मी वाचलं होतं. भूकंपाचा आणि त्सुनामीचा तडाखा त्याच भागाला बसला होता; त्याला तेव्हा तीन वर्षं होत आली होती, तरी तिकडे जायचं म्हटलं की लोक दचकत. नवरा म्हणाला, "एकटी नको जाऊस. मला सुट्टी मिळाली की दोघं जाऊ."

"तुला सुट्टी मिळेपर्यंत माझे डोळे थांबणार आहेत का?" मी विचारलं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने डब्यात थालीपीठ भरून दिलं आणि स्टेशनपर्यंत सोडायला आला.

नोव्हेंबरचा पहिला आठवडा होता. शिंकानसेन ही बुलेट ट्रेन, मग दोन डब्यांची गाडी, मग बस असं करत मी दुपारी तिथे पोहोचले. बाग पायऱ्यापायऱ्यांनी नदीकडे उतरत होती. मोमिजीची, म्हणजे जपानी मेपलची, लाल पानं, पिवळा गिंको, मधूनच एखादं हट्टी हिरवं झाड. माझ्या नजरेत एका वेळी वाटीभरच मावत होतं, म्हणून मी मान वळवत वळवत वाटी वाटी उपसत होते. बाग संपल्यावर कड्यांच्या पायथ्याने जाणारी अरुंद पायवाट लागली. खाली नदीचं पाणी काचेच्या जुन्या बाटलीसारखं हिरवं, वर करवतीने कापल्यासारखे उभे करडे कडे. मला थांबवेना. पुढच्या वळणावर काय असेल, एवढंच डोक्यात होतं. फोटो काढून काढून फोन कधी बंद पडला तेही कळलं नाही.

डोंगरात सूर्य लवकर जातो, हे मला कळायला हवं होतं. कड्यामागे तो गेला आणि दहा मिनिटांत माझ्यापुरतं सगळं विझलं. इतरांसाठी तेव्हा नुसती संध्याकाळ असेल. मला माझे हात दिसत नव्हते. सगळी माणसं केव्हाच वर गेली होती. मी अंदाजाने चार पावलं मागे आले, शेवाळावरून पाय घसरला आणि एक पाय गुडघ्यापर्यंत नदीत गेला. पाणी बर्फासारखं होतं. कशीबशी खडकाला धरून बाहेर आले आणि तिथेच बसले. आधी नुसती भीती होती. मग ती भीती संपून जे आलं तो शुद्ध संताप होता.

मी ओरडले. मराठीत, घसा फाटेपर्यंत. "आता काय राहिलंय घ्यायचं? डोळे घेतलेस, आता पाय पण घे! आई म्हणवतेस ना स्वतःला? मग ये इथे! मी नाही येणार तुझ्या पाया पडायला, तू ये! आहेस की नाहीस, एकदाचं सांग!" कड्यांवर आपटून माझेच शब्द परत आले. मी पुन्हा ओरडले, आणखी वाईट बोलले.

वरून आवाज आला, जपानीत. "ओय! कोण आहे तिकडे?"

मग रबरी बुटांचा चपक चपक आवाज खाली येत गेला. ओल्या मातीचा वास आला आणि एका म्हाताऱ्या बाईचा खरखरीत आवाज माझ्या अगदी जवळून कडाडला, "या वेळी इथे काय करतेस? डोळे नाहीत का तुला?"

"नाहीत," मी म्हणाले. हा शब्द मी तोपर्यंत कुणाहीजवळ, स्वतःजवळसुद्धा, मोठ्याने उच्चारला नव्हता.

ती सॉरी म्हणाली नाही, हळहळली नाही. माझ्याकडे पाठ करून तिने माझा हात स्वतःच्या खांद्यावर ठेवला. "मी चालते, तू मागे ये. नदी डाव्या कानाला राहू दे. आवाज समोरून यायला लागला तर थांब." त्या बारक्या, हाडकुळ्या खांद्यावर हात ठेवून मी चढ चढले. ओला बूट पायात पचपचत होता, डोळ्यांतून रागाचं पाणी वाहत होतं, तोंडाने देवीशी भांडण चालूच होतं, आणि तरी पाय पुढे पडत होते.

बागेतल्या खोपटात रॉकेलच्या स्टोव्हपुढे तिने मला बसवलं. मी "आजी" म्हटलं तर म्हणाली, "मी तुझी आजी नाही. किकुची म्हण." समुद्रकाठच्या गावात तिचं घर होतं. त्सुनामीच्या लाटेत घर गेलं, नवरा गेला. आता ती खोऱ्यातल्या तात्पुरत्या वसाहतीत राहत होती आणि बागेत कामाला येत होती. चहा ओतायला लागतो तेवढ्या वेळात तिने हे सगळं सांगून संपवलं. मग विचारलं, "कुणाशी भांडत होतीस?"

"आमच्या देवीशी."

किकुची-सान हसल्या. "बरं झालं मोठ्याने भांडलीस. माझा एक कान कामातून गेलाय. हळू बोलली असतीस तर ऐकू आलं नसतं. बाग चारला बंद होते, मी घरी पोहोचले पण होते. खुरपं विसरलं म्हणून परत आले." मग त्यांनी माझ्या नवऱ्याला फोन लावून दिला आणि आपल्या छोट्या ट्रकमधून मला स्टेशनवर सोडलं.

परतीच्या गाडीत मी एकच विचार करत होते. मनातल्या मनात जप केला असता, तर तो त्या घळीत कुणापर्यंत पोहोचला असता? विसरलेलं खुरपं आणि माझा संताप एकाच वेळी तिथे कसे आले, याचा हिशेब मी कधी मांडला नाही. हा चमत्कार होता असं माझं म्हणणं नाही. पण मी बोलावलं आणि कुणीतरी आलं, एवढं मात्र मी कुणाला नाकारू देणार नाही. शरण जाणं म्हणजे मान खाली घालून गप्प राहणं, असं मला वाटत असे. त्या चढावर माझी मान ताठ होती आणि तोंड गप्प नव्हतं. फक्त हात दुसऱ्याच्या खांद्यावर होता. तेवढं देवीला पुरलं असावं.

नंतर मी पांढरी काठी वापरायला शिकले. सासूबाईंनाही सांगितलं, "आई, मी जाते शरण, पण माझ्या पद्धतीने. चालेल ना?" त्या म्हणाल्या, "तुझ्या नशिबासाठी मीही देवीशी भांडले असते तर बरं झालं असतं. मला नाही जमलं गं कधी."

तेव्हापासून दर नोव्हेंबरात मी त्या खोऱ्यात जाते. नजरेची वाटी आता चमच्याएवढी झाली आहे. किकुची-सान माझी कीव करत नाहीत, मला कामाला लावतात. मागच्या खेपेला त्यांनी वसंतात फुलणाऱ्या फुलांच्या कांद्यांची टोपली माझ्यापुढे ठेवली. शेंडा वर, मुळं खाली. बोटांना बरोबर कळतं. मी गुडघ्यांवर बसून खड्डे खणत होते आणि सवयीने देवीशी मोठ्याने बोलत होते, की फुलं मला दाखवायची की नाही ते तू ठरव, पण कांदे मी लावणारच.

पलीकडच्या वाफ्यातून किकुची-सान ओरडल्या, "आज काय म्हणतेय तुझी देवी?"

"ऐकतेय," मी म्हणाले, आणि पुढचा कांदा हातात घेतला.