बुरशी धरलेले घड

सन २००६ची गोष्ट. मी तेव्हा सदुसष्ट वर्षांचा. हे आजवर कुणापाशी बोललो नाही — बायकोपाशीसुद्धा नाही, आणि आता तीही नाही. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून सांगवतंय का? असेल. दमलोय आता, एवढं खरं.

माझं शिक्षण चौथी. पण तासगावच्या मातीत चाळीस वर्षं द्राक्षबाग केली. शिकलेसवरलेले लोक मला विचारून औषध मारायचे. हे कशाला सांगतोय? कारण सगळं तिथनंच सुरू झालं — मला कुणी द्राक्ष शिकवायचं नाही, ह्या माजातनं.

त्या साली मुलगा संदीप जर्मनीत, म्युनिकजवळ उंटरश्लाइसहाइमला कंपनीत होता. मी एकटाच तीन महिन्यांसाठी गेलो होतो. सून स्मिता, लग्नाला वर्ष झालेलं. संदीप सकाळी एस-बान, म्हणजे तिकडची लोकल, धरून जायचा तो दिवेलागणीला यायचा. मग पोरीला बोलायला कोण? शेजारची मादलेन. पंच्याहत्तरीची बाई, मूळची फ्रान्सची, ल्वार नदीच्या खोऱ्यातली. जर्मन माणसाशी लग्न करून इकडं आलेली, आता एकटी. ती स्मिताला जर्मन शिकवायची, स्मिता तिला पोहे खायला घालायची. त्या परमुलखात पोरीला तेवढं एकच दार उघडं होतं.

मादलेनच्या भिंतीला सहा वेल होते. बापाच्या बागेतल्या काड्या आणून लावलेले. ती सांगायची, स्मिता मला मराठीत करून द्यायची — त्यांच्याकडं सकाळी नदीवरनं धुकं चढतं, दुपारी ऊन पडतं, आणि उशिरा पिकणाऱ्या त्या पांढऱ्या द्राक्षावर करडी बुरशी धरते. ती धरावी म्हणून लोक वाट बघतात! मणी सुकतो, गोडी आत गोळा होते. मग एकाच वेलीवर चार-चार वेळा फिरून तेवढेच मणी वेचतात. त्याची सोनेरी वाइन म्हणे पन्नास-पन्नास वर्षं टिकते. मी विचारलं, "सडका माल?" बाई "या, या" — म्हणजे हो, हो — करत मान डोलवायला लागली. मी हसलो. आमच्याकडं एक मणी सडला तर कात्रीनं काढून बागेबाहेर पुरतात. म्हातारीचं डोकं फिरलंय, म्हटलं.

म्युनिककडच्या थंडीत ते द्राक्ष सहसा नीट पिकत नसे. त्या साली मात्र ऑक्टोबर ऊबदार गेला. सकाळी धुकं, दुपारी ऊन — आणि नवरा गेल्यापासून पहिल्यांदाच बुरशी धरली. बाई रोज भिंतीपाशी उभी राहायची. तेवढ्यात डोळ्याच्या ऑपरेशनसाठी तिला चार दिवस इस्पितळात जावं लागलं. बागेच्या फाटकाची किल्ली स्मिताकडं दिली. जाताना तिला बजावून गेली, आणि स्मितानं मला बजावलं. एकदा नाही, दोनदा.

"आप्पा, त्या घडांना हात लावायचा नाही हं. खराब दिसतात तेच तिला हवेत."

"आता तू मला द्राक्षं शिकीव."

चौथ्या दिवशी स्मिता भाषेच्या वर्गाला गेली. मी खुंटीवरची किल्ली घेतली. कात्री घेतली. दोन तासांत बुरशीचे सगळे घड उतरवून ओल्या कचऱ्याच्या पेटीत टाकले. वेल कसे स्वच्छ दिसायला लागले! खरं सांगू? छाती फुगली होती माझी. बाई येऊन हात जोडेल, असं वाटलं.

इथवर चूक म्हणा, अडाणीपणा म्हणा. पुढचं तसं नाही.

त्याच संध्याकाळी बाई परतली. ओरडली नाही. रिकाम्या देठांवरनं बोट फिरवत राहिली. मग आमच्या दारात आली. संदीप नुकताच बूट काढत होता. बाईनं स्मितालाच काहीतरी विचारलं, आणि संदीप माझ्याकडं वळला.

"आप्पा, हिनं तुम्हाला सांगितलं होतं का?"

'हो' म्हणायला किती वेळ लागतो? पण परक्या बाईपुढं, पोटच्या पोरापुढं — मी, चाळीस वर्षांचा बागायतदार — चुकलो म्हणू?

"मला कुणी काही बोललं नाही," मी म्हणालो.

स्मितानं माझ्याकडं बघितलं. सासऱ्याला चारचौघांत खोटं पाडणारी ती पोर नव्हती. हे मला ठाऊक होतं — ठाऊक होतं म्हणूनच बोललो.

"एक निरोप नीट देता येत नाही तुला?" संदीप तिच्यावर फणकारला. बाईनं हात पुढं केला, किल्ली मागून घेतली आणि गेली. स्मितानं संदीपला खरं कधीच सांगितलं नाही. मीही नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं शिरा केला, डब्यात भरला. "आप्पा, मादलेनकडं जाऊन येते. तुम्ही येता?" मी म्हटलं, गुडघा धरलाय. ती गेल्यावर त्याच गुडघ्यानं खिडकीपाशी गेलो. बेल दाबून ती उभी होती, बोटं स्वेटरच्या बाहीत ओढून. आत बाईची सावली हलली. दार उघडलं नाही. स्मितानं डबा पायरीवर ठेवला, थोड्या वेळानं परत उचलला. मी पडदा ओढून घेतला, खुर्चीत बसलो आणि टीव्ही लावला. एक अक्षर कळत नव्हतं. आवाज वाढवला.