आत्याबाईंची खरवड

मी घासलेली भांडी आत्याबाईंनी पुन्हा घासली नाहीत, असा दिवस माझ्या सासरी उजाडलाच नाही. आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई. आमच्या खानदेशात सासूला आत्याबाई म्हणतात, मग ती वडिलांची बहीण असो नाहीतर मागच्या जन्मीची वैरीण. माझ्या आत्याबाई दुसऱ्या प्रकारातल्या. मी भांडी घासून पालथी घातली की त्या यायच्या, एखादं पातेलं उचलून नखानं त्याचं बूड खरवडायच्या आणि सगळी चळत कमरेवर घेऊन चौकातल्या नळावर जाऊन बसायच्या. सुरतेत पर्वत पाटियाजवळच्या आमच्या चाळीत सगळ्यांची दारं त्याच चौकात उघडायची. त्यामुळे माझा पाणउतारा रोज सगळ्यांच्या चहाच्या वेळेला, राख आणि काथ्यासकट, यथासांग पार पडायचा.

माणूस ओळखायची त्यांची एकच रीत होती. "वरून समदेच चकचकीत दिसतात. बूड देख," असं त्या म्हणायच्या. एका भाच्यासाठी चलथाणला मुलगी बघायला गेलो, तेव्हा आत्याबाईंनी पाणी मागितलं, प्यायल्या, आणि चारचौघांत तांब्या पालथा करून बघितला. मुलीकडे बघितलंही नाही. तांब्या लखलखीत होता, लग्न ठरलं. पुढे त्या मुलीनं सगळ्या घरादाराला नाकीनऊ आणले, पण आत्याबाईंच्या तोंडून तिच्याबद्दल वावगा शब्द कधी निघाला नाही.

एका भाऊबीजेला माझ्या भावानं मला नॉनस्टिकचा तवा आणि कढई दिली. तेव्हा ती नवलाई होती, आमच्या चाळीत कुणाकडे नव्हती. मी तव्यावर बिनतेलाची धिरडी घातली, सगळ्यांना खाऊ घातली आणि अर्ध्या तासासाठी शेजारी गेले. परत आले तर आत्याबाई नळावर घामाघूम होऊन बसलेल्या. तव्यावरचा काळा थर त्यांना खरवड वाटला होता. राख, विटेची भुकटी आणि काथ्या घेऊन त्यांनी तो पार उडवून टाकला होता. आतलं पांढरं ॲल्युमिनियम सगळ्यांना दाखवत म्हणाल्या, "पाहा, आत चांदी होती न् ही बया काजळीवर रांधत होती." बायका खो खो हसल्या. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

कढई मी माझ्या ट्रंकेत साड्यांखाली दडवली. त्या बाहेर गेल्या की काढायची, वापरायची, परत ठेवायची. समोरच्या खोलीतल्या सविताबेन गुजराती, त्यांच्या घरी अशी भांडी त्यांच्या बहिणीमुळे माहीत होती. त्यांनी मला रीत शिकवली. करपलं तर घासायचं नाही. पाणी आणि खायचा सोडा घालून मंद आचेवर उकळायचं, कोमट होऊ द्यायचं, लाकडी कलथ्यानं हळूच सोडवायचं, मग मऊ फडकं. चिनी मातीच्या भांड्यालाही तेच, फक्त गरम भांड्यावर गार पाणी ओतायचं नाही, तडकतं. आत्याबाईंच्या कानावर हे गेलंच. म्हणाल्या, "घासलं की मरतं ते भांडं कसलं व? तो तर पाहुणा झाला." मीही ऐकवलं, की या घरात पाहुण्यांनाच तेवढी नीट वागणूक मिळते. मग आठवडाभर आम्ही एकमेकींशी भांड्यांच्या आवाजातूनच बोललो.

त्याच सुमारास कामरेजला आमच्या नात्यातल्या एका म्हातारीनं गॅसवर दूध ठेवलं आणि विसरली. पातेलं जळलं, वरचं फडकं पेटलं, भिंत काळी झाली. नशिबानं कुणाला काही झालं नाही. माझा नवरा मार्केटात साड्यांच्या घड्या घालायचा, अबोल माणूस, पण त्या दिवशी जेवताना स्पष्ट बोलला, "आई, तुझ्या हातून असं कधी झालं तर मी तुला गावी दादाकडे पोचवून येईन. चाळीत आग परवडायची नाही." गावाकडच्या मोठ्या जावेनं त्यांना स्वयंपाकघराचा उंबरासुद्धा ओलांडू दिला नसता. बाहेरच्या ओट्यावर खाट टाकून दोन वेळा ताट सरकवलं असतं, बस. आत्याबाईंनी भाकरीचा तुकडा नुसताच कुस्करून ठेवला.

नंतर एका दुपारी मी बाजारातून आले तर खोलीत गूळ जळल्याचा वास कोंदलेला. आत्याबाई खाटेवर भिंतीकडे तोंड करून झोपल्याचं सोंग घेऊन पडलेल्या. खाटेखाली, गोधडीच्या आड, माझी कढई. आत शिरा होता असं म्हणायला काही जागा नव्हती, डांबर होतं. मी म्हटलं, "ही माझ्या ट्रंकेतून काढली कुणी?"

त्या न वळताच म्हणाल्या, "चिकटत नाही म्हणत होतीस ना तुझी कढई? लबाड."

माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. गेल्या दोन-तीन महिन्यांत फोडण्या करपत होत्या, दूध लागत होतं, आणि दर वेळी त्या 'हिनं आच वाढवली' म्हणून माझ्या नावानं ओरडत होत्या. विसरत होत्या त्या. गॅसवर काही ठेवलंय हेच विसरत होत्या. म्हणून ज्या कढईला इतके दिवस नावं ठेवली, तीच चोरून काढली. जिला चिकटत नाही, ती चुगली करणार नाही, असा त्यांचा हिशोब. आणि करपल्यावर चौकात घासायला नेताही येईना, कारण तव्याची गत त्यांना आठवत होती.

मी पाणी आणि सोडा घालून कढई गॅसवर चढवली. आत्याबाई उठून बसल्या. कलथ्यानं खरवडीचे पापुद्रे सुटायला लागले तशा पुटपुटल्या, "हे घासणं नव्हे. ही आंघोळ झाली." मी फडकं फिरवत होते, तळ दिसायला लागला होता. तेवढ्यात त्यांनी माझा हात धरला. लग्नानंतर पहिल्यांदाच धरला असेल.

"थोडं काळं ऱ्हाऊ दे," त्या म्हणाल्या. "तू घासलेलं इतकं स्वच्छ कधी निघतं? माझ्या पोराले संशय येई."

खरं सांगते, दया वगैरे काही आली नाही मला. ती कढई उचलून त्यांच्या डोक्यात घालावीशी वाटली. संध्याकाळी नवऱ्यानं दारातच नाक वर केलं, "काय करपलं?" मी तोंड उघडायच्या आत आत्याबाई म्हणाल्या, "विचार तुझ्या बायकोले." मी मूग गिळून ताटं मांडायला घेतली.

त्यानंतर आमचा एक करारच झाला, न बोलता. त्या रांधायला उभ्या राहिल्या की मी गॅसच्या कळीशी. ओटा सोडून मी हलायची नाही, आणि 'आत्याबाई, गॅस,' एवढं हळूच म्हणायची. बाहेरच्यांना वाटायचं सासू-सुनांची पुन्हा जुंपली, कारण कुजबूज ऐकू जाऊ नये म्हणून आम्ही भांडणही चालू ठेवायचो. तरी डोळा चुकवून काहीतरी लागायचंच. मग मी सोडा-पाण्यानं सोडवायची, आणि त्या मुद्दाम थोडी खरवड राखलेलं भांडं चौकात नेऊन, सगळ्यांना दाखवून घासायच्या. "काय सून मिळाली माय," म्हणत घासायच्या. मी केलेलं नाही ते माझ्याच नावावर, आणि तेही त्यांच्याच तोंडून.

एकदा मात्र माझा बांध फुटला. मी म्हणाले, "आज मी त्यांना सगळं सांगणार. बस झालं."

"सांग," आत्याबाई म्हणाल्या. त्यांनी खाटेखालून एक गाठोडं ओढलं. दोन लुगडी, चष्मा, पितळी डबी. कधीपासून बांधून ठेवलं होतं कोण जाणे. "गाडीत बसवाले तूच ये पण. त्याच्यासमोर माले रडू येई."

मी गाठोडं पायानं आत ढकललं आणि कांदा चिरायला बसले. अशा बाईशी कुणी भांडावं तरी कसं? हरायचं असेल तर त्यांनी माझ्यासमोर, माझ्या ओट्याशी हरावं. मोठ्या जावेच्या ओट्यावर ताट सरकवून घेत नव्हे. सांगायचं मात्र राहून गेलं, ते राहिलंच.

आत्याबाई साध्या तापानं गेल्या, आमच्याच घरात, आदल्या दिवशी आमटीला स्वतः फोडणी देऊन. फोडणी करपली नव्हती, कारण कळीशी मी होते.

तेराव्याला चाळीतल्या बाया जमल्या. सविताबेन डोळे पुसत म्हणाल्या, "देवी हती, देवी. आखी जिंदगी तुझी बळेली, करपलेली भांडी घासली तिने, कधी थाकली नाही." बाकीच्यांनी माना डोलावल्या. मीही डोलावली. म्हणाले, "हो बेन, फार सोसलं त्यांनी."

बाया गेल्यावर नवरा जवळ येऊन बसला. पाठीवर हात ठेवून म्हणाला, "मनाला लावून घेऊ नको. आईनं तुला केव्हाच माफ केलं असेल."

तोवर माझ्या डोळ्यांत टिपूस नव्हतं. ते ऐकलं आणि मी ओक्साबोक्शी रडायला लागले. त्या जिवंत असताना कधी आला नाही इतका राग आला मला त्यांचा, आणि तो काढायला त्या घरात नव्हत्या.