दुखण्याची भाषा

प्राध्यापकांच्या खोलीत शिरताना सुनीताने दाराशी चपला काढल्या, देवळात काढाव्यात तशा. मेळघाटातल्या कोरकू आदिवासी मुलांच्या शाळेत ती माझ्यासोबत शिकवते; ती स्वतःही कोरकूच. बहुभाषिक शिक्षणाची पदवी कुठल्या विद्यापीठातून घ्यावी, याची चौकशी करायला आम्ही दोघी शहरात आलो होतो.

"सर, कोरकू मुलांना कोरकूतून कसं शिकवायचं, हे इथे शिकवतात का?" तिने विचारलं.

"मराठी, हिंदी, इंग्रजी आहे," ते आपुलकीने म्हणाले. "कोरकू मुलं मराठी लवकर उचलतात की!"

"माझी धाकटी बहीण आश्रमशाळेत होती, सर. पोटात दुखतंय, हे तिला मराठीत सांगता आलं नाही. घरची आठवण येतेय म्हणून रडते, असं बाईंना वाटलं. त्यातच ती गेली."

मला वाटलं, दुखणं माणूस आईच्याच भाषेत सांगतो. आपण मात्र लेकरांना आधी आपली भाषा शिकून यायला सांगतो.

बाहेर आल्यावर सुनीता म्हणाली, "इथेच प्रवेश घेते, ताई. बाकी विद्यापीठांत तर तीन भाषांचं एवढंही नाही."

मग आईला फोन लावून ती कोरकूत बोलत राहिली, बोलता बोलता रडू लागली. इतकी वर्षं कोरकू मुलांना शिकवूनही मला त्यातलं काहीच कळलं नाही.