लाडीच्या दारावरून मुकी वरात

आमची घोडी आजारी पडली तेव्हा लोकांनी शिट्ट्या मारल्या होत्या.

तुळशीच्या लग्नानंतरची पहिलीच वरात, मालेगावात. बँड रंगात आला आणि लाडीचं मागचं अंग झुलायला लागलं. डावीकडे, उजवीकडे, परत डावीकडे.

पब्लिक खूश. नवरदेवाच्या मित्रांनी तिच्यावरून नोटा ओवाळल्या, व्हिडिओ काढले.

लगाम धरून गेलेले बाबा घरी येऊन आईला कौतुकाने सांगत होते, "या उमरीत नवीन स्टेप शिकली पोरगी."

पोरगी म्हणजे लाडी. मी त्यांची थोरली, दवाखान्यात स्टाफ नर्स. माझ्या गॅदरिंगच्या नाचाचं एवढं कौतुक कधी झाल्याचं मला आठवत नाही.

पुढच्याच आठवड्यात ती शेडच्या उंबऱ्याला अडखळली आणि मागच्या मागे बसली.

मंगरूळहून जनावरांच्या डॉक्टर मॅडम आल्या. मी त्यांना वरातीचा व्हिडिओ दाखवला. त्यांनी एकदा पाहिला. मग आवाज बंद करून परत पाहिला.

आवाज नसताना मलाही दिसलं. ती नाचत नव्हती, तोल सावरत होती.

आजाराचं नाव कुमरी. बैलांच्या अंगातला बारीक जंत डासावाटे घोड्यात येतो आणि वाट चुकून पाठीच्या कण्यात शिरतो. कमरेतला जोर जातो.

"औषध सुरू करू. पण जी नस गेली ती परत येईलच असं नाही," मॅडमनी स्पष्ट सांगितलं.

बाबांनी त्यातलं फक्त पहिलं वाक्य ऐकलं. पेशंटचे नातेवाईक असंच ऐकतात, मला रोजची सवय आहे.

औषधांनी थोडं बरं वाटलं. मग नाही वाटलं. थंडीभर ती खूर घासत चालली आणि माघात एकदा खाली बसली ती आपली आपण उठलीच नाही.

बाबांनी गॅरेजमधून इंजिन उचलायची चेन कुप्पी आणली आणि शेडच्या लोखंडी अँगलला टांगली. तिच्या पोटाखालून ताडपत्रीचे रुंद पट्टे घेतले. सकाळ-संध्याकाळ तिला उचलून उभी करायची. बाकी वेळ सोयाबीनच्या कुटारावर, मऊ भुशावर झोपवायची आणि कूस बदलत राहायची.

पॅरालिसिसच्या पेशंटला बेडसोअर होऊ नये म्हणून आम्ही करतो तेच सगळं. फक्त हा पेशंट काही क्विंटलचा. ड्युटीवरून आले की माझी दुसरी ड्युटी सुरू.

बाबा तिला हाताने भिजवलेला हरभरा चारायचे. लग्नाचा साज रोज पुसून खिळ्याला टांगायचे. तिला सांगायचे, "उनाळ्याच्या सीझनले उभं राहाचं हाय तुले."

त्यांचा सगळा जीव त्या एका गोष्टीत अडकला होता. ती उभी राहील की नाही.

आणि आमचं घर नेमकं मंगल कार्यालयाच्या रस्त्यावर.

बँड वाजला की पुढचा पाय उचलायचा, हे लाडी जन्मभर करत आलेली. ती पडल्यानंतरची पहिली वरात दारावरून गेली तशी तिने कान टवकारले. पुढचे दोन्ही पाय रोवून उठायला गेली. मागचं अंग आलंच नाही. ती आदळली. पडून पडून झालेली कमरेवरची जखम मी मोठ्या मुश्किलीने सुकवत आणली होती, ती पूर्ण उघडली.

बाबा धावत रस्त्यावर गेले आणि वरातीपुढे हात जोडून उभे राहिले.

बँडमास्तर उत्तमकाका म्हणजे बाबांचे जुने जोडीदार. दोघं वरातीतच म्हातारे झाले. त्यांनी हात वर केला, बँड थांबला.

तेव्हापासून विजेच्या डीपीपासून पाण्याच्या टाकीपर्यंत कोणी वाजवलं नाही. उत्तमकाकांनी बाकीच्या बँडवाल्यांना सांगितलं, डीजेवाल्यांनाही दम भरला.

एकदा एका नवरदेवाचे मामा भडकले. "वरात हाय का मयत?"

उत्तमकाका शांतपणे म्हणाले, "तुमच्या मोठ्या भाच्याले याच घोडीनं नेलं मांडवात. इथून टाकीवरी मुक्यानं चाला."

मामा चालले.

मी खिडकीतून पाहायचे. डोक्यावर लाइट घेतलेल्या बाया, जनरेटरची घरघर, चपलांचा आवाज, आणि दुसऱ्याच्या घोड्यावर बसलेला, काय चाललंय ते न कळलेला नवरदेव. मला हसू यायचं आणि रडूही.

लाडीचे कान मात्र हलायचे नाहीत. ती पडून राहायची. तेवढंच हवं होतं.

पण जखमा वाढत गेल्या. मग तिने हरभरा सोडला. पट्ट्यात उभी केली तर चारही पाय लोंबायला लागले.

मी बाबांना म्हटलं, माणसांना आम्हाला असं सोडवता येत नाही. हिला येतं. मॅडमना बोलावू.

"तिले इचारलं का तू?"

"तुमी इचारा."

ते तिच्या मानेवर हात ठेवून बसले. चहा दिला तो तसाच गार झाला. मग आत येऊन एवढंच म्हणाले, "बोलाव मॅडमले."

काल सकाळी मॅडम आल्या. लाडीचं डोकं बाबांच्या मांडीवर होतं. इंजेक्शननंतर ती शांत गेली. त्रास झाला नाही, हे मी नर्स म्हणून सांगते.

रस्त्यालगतच्या आमच्याच वावरात जेसीबीने खड्डा केला. कोणीतरी साज आणला, सोबत ठेवायला. बाबांनी ठेवू दिला नाही. "थकली ते. आता तरी मोकळी झोपू दे."

माती लोटून होत होती तेवढ्यात दुपारची वरात आली. उत्तमकाकांचाच बँड. त्यांना अजून काही माहीत नव्हतं. डीपीपाशी आले आणि नेहमीसारखा बँड बंद केला.

बाबा मातीच्या हातांनी रस्त्यावर गेले. सगळ्यांना वाटलं, हात जोडायला आलेत.

"वाजवा उत्तमभाऊ," बाबा म्हणाले. "आता नाही उठत लाडी."

उत्तमकाकांनी वावरातल्या ताज्या मातीकडे पाहिलं. मग वाजवलं त्यांनी. टाकीपर्यंत वाजवत नेलं. बाबा वरातीच्या कडेने टाकीपर्यंत चालत गेले, लगाम धरायचा हात तसाच अर्धा वर.

लाडी, खूप नाचवलं तुला.

आता कोणी कितीही वाजवू दे. तू उठू नको.