वाळवंटातला पितळी तांब्या

विमानात बसवण्याआधी माणसाचं वजन करतात, हे मला साठाव्या वर्षी कळलं. मुंबईहून आफ्रिकेत नेणाऱ्या दोन मोठ्या विमानांनी मला मुकाट्याने उचललं होतं. पण नामिबियाच्या राजधानीतून वाळवंटाकडे जाणारं तिसरं विमान म्हणजे आमच्या पाथर्डीकडची काळीपिवळी जीपच. पाच प्रवासी, मांडीवर पिशव्या, आणि एकाला चालवणाऱ्याच्या शेजारी जागा. तिथल्या बाईने मला पिशवीसकट काट्यावर उभं केलं, कारखान्यावर उसाची गाडी उभी करतात तसं. आकडा बघून ती हसली नाही, याबद्दल मी तिची आजही आभारी आहे.

जिल्हा परिषदेच्या शाळेत मी तीस वर्षं शिकवलं. माझ्या जिभेला धार आहे, हे गावात कुणीही सांगेल. आमची एकुलती एक लेक हॉटेलचं शिक्षण घेऊन आधी गोव्याला गेली, मग दुबईला, आणि तिथून थेट या वाळवंटातल्या लॉजवर मॅनेजर म्हणून. तीन वर्षं ती घरी आली नव्हती. तिकीट तिनेच पाठवलं. आमचे हे म्हणाले, "तू जा. म्या आलो तर गायींचं कोन बघनार? आन् पोरीला सांग, लई झालं, ये म्हनावं आता घरी."

मलाही तिला परतच आणायचं होतं. पुण्यातल्या एका हॉटेलात जागा निघाली होती. भाच्याकडून त्याचा कागद मिळवून मी पर्समध्ये ठेवला होता. पण खरी भीती त्या कागदाने जाणारी नव्हती. ती एवढ्या लांब गेली ती माझ्यामुळे, असं मला कितीतरी वर्षं वाटत आलं होतं.

ती नऊ वर्षांची होती तेव्हाची गोष्ट. गावात टँकर चार-चार दिवसांनी यायचा. घरात प्यायच्या पाण्याचे दोन हंडे उरले होते. भर उन्हाची मी शाळेतून आले, तर ओट्यावर एक बोहारीण बसलेली. शेजारी भांड्यांची पाटी, एका चपलेचा अंगठा तुटलेला. आणि माझी लेक तांब्या-तांब्याने तिच्या पायांवर पाणी ओततेय. एक हंडा रिकामा झाला होता, अंगणातली माती ते सगळं पाणी पिऊन बसली होती. मी काही विचारलं नाही. त्या बाईच्या देखत पोरीच्या थोबाडीत मारली.

"आई, तिचे पाय पोळलेत गं," एवढंच ती म्हणाली. रडलीसुद्धा नाही. बोहारणीने पाटी डोक्यावर घेतली आणि तशीच तुटकी चप्पल ओढत निघून गेली. त्या दिवसाबद्दल आम्ही मायलेकी पुन्हा कधी बोललो नाही. एकोणीस वर्षं झाली त्याला.

विमान उतरलं ते मुरूम दाबलेल्या पट्टीवर. उघडं रान आम्हाला नवीन नाही, आमच्याकडचा उन्हाळा काढलेल्या माणसाला वाळवंटाचं काय कौतुक, असं मी घरून निघताना ऐटीत म्हणाले होते. दार उघडलं आणि ऐट उतरली. समोर वाळूचे तांबडे डोंगर, अर्धे उन्हात, अर्धे सावलीत, आणि मधे एक काडीसुद्धा नाही. इतकं उघडं आणि तरी इतकं देखणं रान मी पाहिलं नव्हतं. खाकी शर्टातली एक उंच मुलगी जीपला टेकून उभी होती. ती माझीच आहे, हे ओळखायला मला एक क्षण लागला.

तिने मला मिठी मारली आणि लगेच दुसऱ्या पाहुण्यांकडे वळली. मला राग आला. दीड दिवस प्रवास करून आलेली आई, आणि हिला बाकीच्यांच्या बॅगा महत्त्वाच्या! पण मग तिला तिच्या दुप्पट वयाच्या, धिप्पाड माणसांना हसत काम सांगताना आणि त्यांना ते हसत करताना पाहिलं. राग कुठे गेला कळलं नाही. माझा सगळा वर्ग तीस वर्षांत एकदाही असा हसत उठला नव्हता.

लॉज म्हणजे बारा तंबू, एक स्वयंपाकघर आणि मधे एक झाड, आपल्या बाभळीच्या नात्यातलं. झाडाखाली सपाट दगड होता. तिने प्रत्येक पाहुण्याला त्या दगडावर बसवलं, बूट-मोजे काढायला लावले आणि पायांवर एक तांब्या पाणी ओतलं. एकच. ते पाणी घरंगळत झाडाच्या आळ्यात गेलं. माझी पाळी आली तेव्हा मी तांब्याकडे बघतच राहिले. पितळी, बुडाशी पोचा आलेला. तो आमचा होता. तीन वर्षांपूर्वी तो नाहीसा झाला तेव्हा भंगारवाल्याला दिलात म्हणून मी आमच्या ह्यांना आठ दिवस धारेवर धरलं होतं.

"चोरटे!" मी म्हणाले. ती हसली आणि माझ्या सुजलेल्या पायांवर पाणी ओतलं. गार, हळू, घोट्यापासून बोटांपर्यंत. सुख म्हणतात ते हेच, असं मला वाटलं.

संध्याकाळी तिने सगळं दाखवलं. बोअरचं पाणी खारट, ते यंत्राने गोडं करायचं. अंघोळीचं पाणी गरम होईपर्यंतचं गार पाणी बादलीत धरायचं. भाज्या धुतलेलं पाणी पुदिन्याला. ती आली तेव्हा ते झाड वाळायला लागलं होतं, आता त्याला पालवी होती.

"हे सगळं तूच शिकवलेलं आहे, आई," ती म्हणाली. "मी इथे फक्त इंग्रजीत सांगते."

अभिमानाने माझा ऊर भरून आला. तरी मी कागद काढलाच. तिने तो नीट वाचला, घडी घालून माझ्या हातात परत दिला. "बघते," म्हणाली. आमच्या घरात 'बघते' म्हणजे नाही.

"माझ्यावर राग आहे का गं तुझा?"

"कशाचा?" तिने वाळूकडे बघत विचारलं.

आयुष्यभर पोरांना प्रश्न विचारून हैराण केलं मी, पण त्या एका प्रश्नावर मी कागद पर्समध्ये ठेवला आणि जेवायला काय आहे ते विचारलं.

चौथ्या दिवशी दुपारी नवे पाहुणे आले. दोघं कामगार आजारी होते, त्यांची कामं लेकीवर पडली होती, म्हणून तांब्या मी हातात घेतला. माझ्याच वयाची एक बाई दगडावर बसली. घोटे टम्म सुजलेले, टाचेला बुटाने चावलेलं. मी एक तांब्या ओतला. तिने डोळे मिटले. मी दुसरा भरला आणि ओतला.

"आई, एकच!" स्वयंपाकघराच्या पायरीवरून माझी लेक ओरडली. सगळ्यांच्या देखत.

माझे कान तापले. कुणाचं ऐकून घ्यायची मला सवय नाही. "अगं, तिचे पाय सुजलेत गं!" मी उलट ओरडले.

आणि माझं मलाच ऐकू आलं. तिलाही आलं असणार, कारण ती होती तिथेच थांबली. मग खाली आली. तिने त्या बाईच्या पायांकडे पाहिलं. माझ्या हातातला तांब्या घेतला, बादलीत बुडवून काठोकाठ भरला आणि परत माझ्या हातात दिला.

"मग घाल," ती म्हणाली. "घाल, आई."

बोहारीण आली त्या दिवशी हे एवढंच मला म्हणता यायला हवं होतं. पाहुणे तंबूत गेल्यावर मी तिला दगडावर बसवलं आणि तसं सांगितलं. माझं चुकलं, असंही म्हणाले. मग ती रडली, नऊ वर्षांच्या पोरीसारखी, हुंदके देत. मी तिला पोटाशी धरून बसले.

तिला घरी ये असं मी नंतर म्हणाले नाही. निघताना तिने तांब्या धुऊन, पुसून माझ्या पिशवीत ठेवला होता. मी तो काढला आणि झाडाखालच्या दगडावर परत ठेवून आले.