चखण्याची पाटी

पेंटरला आयुष्यात दोन गोष्टींचा मनापासून तिटकारा होता, एक दारूचा वास आणि दुसरा चुकीचा लिहिलेला शब्द. चाळीस वर्षं त्याने दुकानांच्या पाट्या रंगवल्या. छापील फलक आल्यापासून कामं आटली होती, पण हातच्या अक्षराचे चार दर्दी अजून उरले होते. बाजारामागच्या बारचा मालक त्यातलाच एक. हातात काम नव्हतं, म्हणून पेंटर नाक मुठीत धरून तिथे गेला.

"समोरच्या भिंतीवर मोठ्ठं पाहिजे," मालकाने कागदाचा कपटा पुढे केला. त्यावर लिहिलं होतं, 'ताजा चकणा मोफत'.

"चकणा म्हणजे तिरळा," पेंटर म्हणाला. "गिऱ्हाईक विचारेल, कुठे बसलाय तो."

"सगळे चकणाच म्हणतात."

"म्हणू देत. पिता पिता अधूनमधून चाखायचं ते, म्हणून चखणा. ख पाहिजे."

"काढा तुमचा ख. पण लाल रंगात काढा," मालक म्हणाला आणि गल्ल्यावर जाऊन बसला.

काम दोन दिवसांचं होतं. स्वयंपाकघराच्या दाराशेजारची भिंत, खाली एक डुगडुगणारं स्टूल. पेंटरने दोरी लावून रेघा मारल्या, खडूने अक्षरं आखली आणि डावखुरा असल्यामुळे शेवटच्या शब्दापासून रंगवायला घेतलं, म्हणजे ओल्या रंगाला कोपर लागायला नको. वेटर मोठा अगत्याचा माणूस होता. त्याने खाऱ्या दाण्यांची ताटली आणून स्टुलाजवळ ठेवली. "तोंडात टाका, पेंटर. रिकाम्या पोटी हात थरथरतो." पेंटरने पहिल्या दिवशी ती ताटली फस्त केली, दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत आणखी दोन.

स्टुलावरून सगळा बार दिसत होता. खालच्या टेबलावर एक जाडा माणूस मुठीत खोकत होता. खोकून झालं की तीच बोटं वाटीत घालायचा, चार दाणे तोंडात टाकायचा, बोटं चाटायचा आणि पुन्हा वाटीत घालायचा. त्याच्या जोडीदाराने वेफर अर्धा चावला, तिखट लागला म्हणून उरलेला परत ठेवला. दोघं उठून गेल्यावर वेटरने वाटी उचलली आणि आतमध्ये नेली. पेंटरची नजर सहज त्याच्या मागे गेली.

दाराआड एक निळा प्लास्टिकचा डबा होता. वेटरने वाटीतली जळकी काडी चिमटीत धरून बाजूला केली, सिगारेटची राख फुंकून उडवली आणि वाटी डब्यात पालथी केली. मग डबा दोन्ही हातांनी हलवला, ओलं खाली गेलं, कोरडं वर आलं. त्याच डब्यातून त्याने दोन वाट्या भरल्या आणि बाहेर निघाला.

"हे काय करतोस तू?" पेंटरने वरूनच विचारलं.

"उरलेलं टाकून द्यायचं का, पेंटर? लोक वरवरचंच खातात."

"आणि माझ्या ताटलीतले दाणे?"

वेटरने मागे वळून डब्याकडे पाहिलं. "त्यातलेच. दुसरे कुठून आणणार?"

पेंटर स्टुलावरून उतरला तो थेट मोरीत गेला. तिथे उष्ट्या पेल्यांचा ढीग होता, जाळीत भिजून फुगलेले दाणे अडकले होते आणि त्यांच्यावर माश्या बसल्या होत्या. त्याला भडभडून उलटी झाली. मग त्याने चुळा भरल्या, जीभ रुमालाने घासली, तरी दातांच्या फटीत कुणा परक्या माणसाचं तोंड अडकलंय असं त्याला वाटत राहिलं.

मालक दारात येऊन उभा होता. "तुम्हीच तर अर्थ सांगितलात. चाखायचं ते. इथे पोटभर जेवायला कोण येतं?"

"चाखायचं म्हणालो. चाखलेलं नाही."

"पाटी पुरी करा."

'चखणा मोफत' रंगवून झालं होतं. 'ताजा' अजून खडूतच होता. पेंटरने ओलं फडकं घेतलं आणि तो शब्द पुसून टाकला. "हा माझ्या हातून होणार नाही," तो म्हणाला आणि ब्रश गुंडाळून निघाला. पुढे मालकाने तो शब्द वेटरकडून लिहून घेतला. वाकडातिकडा होता म्हणे, पण गिऱ्हाईक काही कमी झालं नाही.

घरी पेंटरने तीनदा दात घासले. बायको म्हणाली, "सारखं काय थुंकताय?" त्याने सांगितलं तेव्हा तिनेही तोंड वाकडं केलं. पण मळमळीचं खरं कारण त्याने तिला सांगितलं नाही.

त्याचे वडील पीत. संध्याकाळी मित्रांना घेऊन पुढच्या खोलीत बसत. पेंटर आणि त्याची मोठी बहीण पडद्यामागे उभे राहत. बैठक उठली की वडील ताटली पुढे करत. "घ्या रे, चखणा." त्यात दात लागलेले तुकडे असत, पेल्याच्या बुडाने ओले झालेले दाणे असत. त्याला वाटे, चखणा म्हणजे खाऊ. शाळेत बाईंनी आवडता खाऊ विचारला तेव्हा त्याने उभं राहून ठणठणीत आवाजात सांगितलं, "चखणा." बाईंनी त्याला वर्गाबाहेर उभं केलं. शब्दाचा अर्थ त्याला त्या दिवशी कळला. तरी संध्याकाळी त्याने ताटली चाटून पुसून खाल्लीच.

रविवारी तो बहिणीकडे गेला. ती गुडघ्यांना तेल चोळत बसली होती. त्याने बारमधलं सगळं सांगितलं आणि मग विचारलं, "ताई, तुला बाबांची ताटली आठवते?"

"न आठवायला काय झालं."

"कशी खात होतो गं आपण ते?"

"आपण नाही, तू," ताई म्हणाली. "मी एकदाही तोंडात घातलं नाही. मला बघूनच ढवळायचं. माझ्या वाटचंही मी तुलाच द्यायचे."

"तुला ढवळायचं आणि मला देत होतीस? सांगितलं का नाहीस?"

ताईचा तेलाचा हात थांबला. "आई तेव्हा दोन-दोन पाळ्या करायची. घरात रात्रीपर्यंत शिजलेलं काही नसायचं. तू भुकेने रडायचास. सांगितलं असतं तर तू खाल्लं असतंस का?"

पेंटर उठून खिडकीपाशी गेला आणि बाहेर थुंकला. ताईने हात पुसले, आत जाऊन चहा टाकला. कप पुढे करताना म्हणाली, "स्वच्छ विसळलाय. दोनदा."

त्याने तो घेतला. पहिला घोट गिळायला त्याला वेळ लागला.